पाठीमागचा नगारा

मी एक जुनी काशाची थाळी आहे. माझ्या काठाला एक भोक आहे, त्यात काळी पडलेली सुताची दोरी आहे, आणि मधोमध काठीच्या माराने पडलेला एक फिकट गोल डाग आहे. मित्रांनो, तुमच्या घरी थाळीत जेवतात. आमच्या घरी माझ्यात जेवले आणि मला वाजवलेही. जी कहाणी मी सांगते आहे ती निम्मीच माझी आहे. उरलेली निम्मी एका नगाऱ्याची आहे, आणि तो आता बोलत नाही.

तांबे आणि कथील एकत्र वितळवून मला ओतले. मग तापवून ठोकले, पुन्हा तापवून पुन्हा ठोकले. ज्याने मला घडवले त्याचा चेहरा मला आठवत नाही, हातोडीचा आवाज तेवढा आठवतो. तिथून मी आर्णीच्या बाजारात कासाराच्या दुकानात आले. एका बाजाराच्या दिवशी थावरा राठोड नावाचा बंजारा तांड्यावरचा माणूस दुकानात शिरला आणि एकेक थाळी बोटावर तोलून तिला टिचकी मारू लागला. एक ठेवली, दुसरी ठेवली. कासार कंटाळला.

"जेवाले पायजे का वाजवाले?" त्याने विचारले.

"दोन्हीले," थावरा म्हणाला, आणि मला टिचकी मारली. मग त्याने दुसरी थाळी उचललीच नाही.

तांडा आर्णीपासून फार लांब नाही. तिथे घरात गोरबोली बोलतात, आईला याडी म्हणतात. तुम्हाला कळावे म्हणून मी त्यांचे बोलणे वऱ्हाडीत सांगते आहे. थावरा नगारा वाजवायचा. त्याचे दोन मुलगे. थोरला देवीलाल, त्याच्या हाती बापाने नगाऱ्याच्या काठ्या दिल्या. धाकटा उकंडा, त्याच्या डाव्या अंगठ्यात माझी दोरी अडकवली. तेव्हापासून होळीचे लेंगी गाणे असो, लग्न असो, तीज असो, तांड्यात आम्ही दोघे वाजलो.

नगारा तापल्याशिवाय बोलत नाही. वाजवण्याआधी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काटक्यांचा, जाळ करायचा आणि त्याचे कातडे शेकायचे. मला जाळाची गरज नाही, पण मला नगाऱ्याची आहे. नगारा भटक्या स्वभावाचा. तो पुढे धावतो, मागे राहतो, मधेच वळतो. मी वाट धरून ठेवते. तो कुठेही गेला तरी परत यायची जागा माझ्याकडे असते. ठेका बदलायचा असला की देवीलाल भुवई उचलायचा, उकंडा ती बघायचा, आणि पुढच्या माराला आम्ही दोघे नव्या ठेक्यात असायचो. तोंडाने ते कधीच काही बोलले नाहीत. माझ्या चांगल्या दिवसांबद्दल सांगायचे तर एवढेच सांगता येईल. होळीला गेरिया, म्हणजे होळी खेळणारी तरणी मुले, घामाघूम होऊन नाचायची, बायांचा फेर फिरायचा, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचे, "थाळी काय बोलली रे!" मग उकंडा मला धुवून माझ्यातच जेवायला बसायचा. घरात दुसऱ्या थाळ्या होत्या. त्याला मीच लागायची.

उकंडाचे लग्न झाले आणि जमनी घरात आली. ती मला राखेने घासायची, आणि घासून झाले की नखाने एक टिचकी मारायची. आवाज स्वच्छ आला म्हणजे थाळी स्वच्छ झाली, असा तिचा हिशोब.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. तांड्यात धाकट्या भावाची बायको जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, घुंगट घेते. ती त्याच्याशी बोलत नाही आणि त्याचे नाव घेत नाही. तोही तिचे नाव घेत नाही. देवीलाल तिला 'रामधनची याडी' म्हणायचा, तेही तिच्याशी बोलताना नव्हे, तिच्याबद्दल बोलताना. रामधन हा तिचा आणि उकंडाचा मुलगा. दोन्ही भावांची घरे एकाला एक लागून आहेत, दोन्ही ओट्यांच्या मधे एक बुटकी मातीची भिंत आहे. देवीलालची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. त्याचे जेवण जमनीच्या चुलीवर व्हायचे. पण भाकरी गरम आहे की गार, एवढेसुद्धा ती त्याला तोंडाने सांगत नसे. आधी उकंडा निरोप्या होता. पुढे रामधनची बायको वर्षा आली आणि ते काम तिच्याकडे गेले.

यात राग नव्हता, मित्रांनो. हा मान होता. बाहेरच्या माणसाला तो रागासारखा दिसतो.

थावरा गेला तेव्हा मी पहिल्यांदा पोचवणीच्या ठेक्यात वाजले. ही रीत तांड्याची नाही, फक्त आमच्या घरची आहे. वाजवणाऱ्या माणसाला वाजवत पोचवायचे. ठेका अगदी संथ. नगाऱ्याचे दोन मार, मग माझा एक, मग थोडी रिकामी जागा, आणि पुन्हा नगारा. तो ठेका एरवी घरात वाजवायचा नाही, शिकायलासुद्धा नाही. देवीलाल आणि उकंडा तो, लहानपणी एकदाच ऐकलेला, बापाच्या तिरडीमागे चालता चालता शिकले. जमनी तेव्हा नवी होती. ती दारात घुंगट ओढून उभी होती आणि ऐकत होती.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात उकंडा गेला. थोड्या दिवसांच्या तापाने गेला. तिरडी बांधून झाली, आणि देवीलालने नगारा बाहेर आणला. जाळ केला. कातडे शेकले. काठ्या हातात घेऊन तो उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आले की थाळी वाजवणारा तर तिरडीवर आहे. त्याने सगळ्यांकडे पाहिले. रामधन पांढरकवड्याहून ट्रक चालवतो, त्याला यातले काही येत नव्हते. बाकी कुणालाच येत नव्हते. देवीलालने काठ्या खाली ठेवल्या. उकंडाला मुकाट्याने नेले.

त्या दिवसापासून नगारा देवीलालच्या घरात गोधडीखाली गेला. जमनीच्या दंडावरचा चुडा उतरला, आणि इतकी वर्षे ऊन न लागलेली कातडी उघडी पडली. ती मला रोज घासायची, टिचकी मारायची, आणि फळीवर उभी ठेवायची. माझ्यात कुणी जेवत नव्हते.

मग रुपाली आली. ती यवतमाळची. देशोदेशीचे वादक एका रंगमंचावर आणणारा तालवाद्यांचा एक मोठा कार्यक्रम तिची मंडळी करत होती. कधीकाळी एका होळीला तिने या दोघा भावांना ऐकले होते. उकंडा गेल्याचे तिला माहीत नव्हते. देवीलालच्या ओट्यावर बसून तिने ते ऐकले. मग म्हणाली, "काका, तुम्ही एकटे आलात तरी चालेल. थाळीसाठी आमच्याकडे माणूस आहे. झांज फार छान वाजवतो."

"मॅडम," देवीलाल म्हणाला, "तुमच्या घरी जेवाले आलो अन् म्हटलं का माह्या हात घरी राह्यला, तुमचा एखादा द्या, त जमन काय?"

रुपाली हसली. देवीलाल हसला नाही. "थाळी नाही त नगारा नाही," तो म्हणाला, आणि उठायला लागला.

जमनी भिंतीच्या या बाजूला तूर निवडत बसली होती. ती आत गेली आणि मला फळीवरून काढून घेऊन आली. ओट्यावर बसली, भिंतीला पाठ लावली. दोरी अंगठ्यात अडकवली आणि चुलीपुढची एक काटकी घेऊन होळीचा ठेका धरला. बाईच्या हाताने मी त्याआधी वाजले नव्हते. तिची काठी मधल्या फिकट डागावर बरोबर पडत होती. इतकी वर्षे तोच डाग तिने घासला होता.

भिंतीपलीकडे देवीलाल उठता उठता पुन्हा बसला.

"कोण वाजवतंय?" रुपालीने विचारले.

"आमची याडी," वर्षा म्हणाली.

देवीलालचा आवाज आला. "वर्षा, तिले म्हना पुन्हा एकदा."

"मोठे बापू, ती आयकूनच राह्यली. मधात भिंत आहे, समुद्र नाही."

"तरी म्हना."

"याडी, मोठे बापू म्हनतेत पुन्हा एकदा."

मग गोधडी ओढल्याचा आवाज आला, तुराट्या मोडल्याचा आला, धूर आला. आणि भिंतीतून, जमनीच्या पाठीतून, माझ्या दोरीतून नगारा आला.

बाईने थाळी वाजवायची रीत तांड्यात नव्हती. नको असेही कुणी म्हटले नव्हते, कारण तसा प्रश्नच कधी आला नव्हता. भिंत मधे होती, घुंगट होता, म्हणून लोकांनी काणाडोळा केला. सराव रोज तसाच चालला. तो त्याच्या ओट्यावर, ती तिच्या, दोघांची पाठ एकाच भिंतीला. भुवई दिसत नव्हती, पण ठेका बदलायच्या आधी देवीलाल नगाऱ्याच्या कडेवर जोर देई आणि तो भिंतीतून तिच्या पाठीत उतरे. सराव संपला की तो विचारी, "आयकू आलं का म्हना तिले."

"आलं म्हना," जमनी म्हणे.

"आयकू आलं का? आलं," वर्षा मधेच ओरडे. "चला, माह्यी टपालवाल्याची पाळी संपली. आता कोनी जेवनार आहे का?"

एकदा वर्षाने त्याला विचारले, "मोठे बापू, तुमी त नाहीच म्हनत होते. मंग काहून तयार झाले?"

देवीलाल काठ्यांवरचे तेल पुसत होता. "मले उकंडाले पोचवाचं आहे," तो म्हणाला. "इथं तो ठेका वाजवता येत नाही. तिरडी पायजे. तिथं आपलं घर नाही, तिथं चालते."

"पन याडीले तो येते का?"

भिंतीच्या या बाजूला जमनीचा भाकरी थापणारा हात थांबला होता. तो ठेका तिने एकदाच ऐकला होता, दारात उभी राहून. आणि सरावात तो वाजवता येणार नव्हता.

कार्यक्रम जानेवारीत झाला. जीपमध्ये नगारा, मी, ती दोघे, आणि टपावर तुराट्यांचा भारा. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, यवतमाळात लाकडं भेटतेत." देवीलाल म्हणाला, "भेटत असन. या नगाऱ्याले घरचा जाळ लागते." वर्षाला गुरांसाठी मागे राहावे लागले. ती आली असती तर पुढचे घडले नसते.

सभागृहाच्या मागे आम्ही जाळ केला. तेवढ्यात एक उंच काळा माणूस आपला ढोल काखेत घेऊन बाहेर आला. तो सेनेगलचा, नाव इब्राहिमा. त्याने जाळ पाहिला, देवीलालकडे पाहिले, आणि काही न विचारता आपल्या ढोलाचे कातडे जाळाकडे धरले. देवीलालने सरकून त्याला जागा दिली. दोघे कातडी फिरवत बसले. मधेच इब्राहिमाने एक थाप मारली, देवीलालने बोटाने नगाऱ्यावर उत्तर दिले, आणि दोघांनी माना हलवल्या. अजून तापायचे होते.

आत जपानहून आलेल्या एका बाईचा ढोल होता, माणसापेक्षा मोठा. देवीलाल त्याच्यापुढे उभा राहिला. "हे त विहिरीले कातडं लावलं," तो म्हणाला. घुंगटाच्या आत जमनी हसली. मला तिचा अंगठा हललेला कळला.

मग आवाज तपासायची वेळ आली. रुपालीने विचारले, "काका, सुरुवात कोण करणार?"

देवीलाल तिच्याकडे बघून म्हणाला, "रामधनच्या याडीले म्हना, होळीचा ठेका तिनं धराचा."

जमनी घुंगटातून रुपालीला म्हणाली, "धरतो म्हना त्यायले."

"त्यानंतर पोचवनी. तिले म्हना, घाई नोको."

"नाही करत म्हना."

हाताच्या अंतरावर बसलेली ही दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत, हे रुपालीने पाहिले. तिला वाटले, दोघांचे काही बिनसले आहे. तिचा हेतू चांगला होता. माइकवाल्याचेही म्हणणे होते की थाळीचा आवाज नगाऱ्याच्या माइकात शिरतो. तिने देवीलालला रंगमंचाच्या एका टोकाला बसवले, जमनीला दुसऱ्या टोकाला, आणि दोघांपुढे एकेक स्पीकर ठेवला.

देवीलालने इकडेतिकडे पाहिले. "भिंत नाही काय?" त्याने विचारले.

"भिंत कशाला, काका?"

त्याने नगारा पुढे ओढला. रीत पाळायची त्याला सवय होती, समजावून सांगायची नव्हती.

सभागृह भरले होते. इजिप्तच्या एका तरुणाने मांडीवरच्या छोट्या ढोलकीवर बोटे अशी नाचवली की पुढच्या रांगेतली माणसे उभी राहिली. जपानच्या बाईने दोन्ही हात उंचावून एक मार मारला आणि तो माझ्या काठातून फिरून गेला. मग आमची पाळी आली. होळीचा ठेका नीट गेला. तो धावता ठेका, तो स्वतःच स्वतःला ओढून नेतो. टाळ्या पडल्या.

मग देवीलालने पोचवणी सुरू केली. दोन मार. जमनीने मला वाजवले. रिकामी जागा. पुन्हा दोन मार. ते पुढच्या स्पीकरमधून आले, आणि तिला ते पाठीत यायला हवे होते. तिच्या पाठीला काहीच नव्हते. ती रिकामी जागा किती मोठी, ते मोजून कळत नाही, अंगात उतरावे लागते. तिने एक मार लवकर मारला. पुढचा उशिरा. मग तिची काठी हवेत थांबली.

नगाराही थांबला. समोरचे लोक वाट बघत होते. देवीलाल तिला हाक मारू शकत नव्हता. 'थांब' म्हणू शकत नव्हता, 'धर' म्हणू शकत नव्हता. भुवई उचलली असती तर ती घुंगटाबाहेर राहिली असती. दुसऱ्या टोकाला बसून तो तिला काहीही सांगू शकत नव्हता. आणि तिकडे त्याचा भाऊ दुसऱ्यांदा अर्ध्या वाटेवर राहत होता.

तो उठला. नगारा दोन्ही हातांनी उचलला. सत्तरीचा माणूस, तो भार पोटाशी धरून रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आला. जमनीच्या मागे नगारा ठेवला, आणि तिच्याकडे पाठ करून बसला. भिंत नव्हती. त्याची पाठ तिच्या पाठीला टेकली.

जमनीचे अंग ताठ झाले. मग नगारा वाजला.

लोकांना वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या आणि आपोआप थांबल्या. दोन मार, एक मार, रिकामी जागा. या वेळी माझा एकही मार चुकला नाही. इब्राहिमाने स्वतःच्या ढोलावर तळवा ठेवला होता, वाजवायला नव्हे, ऐकायला. शेवटच्या फेऱ्यांत जपानच्या बाईने आमच्या रिकाम्या जागेत एक अगदी हलका मार दिला, आणि मला वाटले उकंडा आता वाटेला लागला. देवीलालच्या हाताची पकड सैल झाली. जमनीच्या घुंगटातून एक थेंब माझ्यावर पडला. काशावर पाण्याचा आवाज होत नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे कौतुक त्या दिवशी झाले. त्याची किंमत नंतर कळली.

कुणीतरी ते सगळे मोबाइलवर टिपले होते. ते फिरत फिरत पांढरकवड्याच्या ढाब्यावर पोचले. तिथे ट्रकवाल्यांनी रामधनला दाखवले. रामधन ट्रक उभा करून घरी आला. देवीलाल भिंतीपलीकडे आहे हे माहीत असूनही त्याने आवाज खाली ठेवला नाही.

"याडी, लोकं मले इडिओ दाखवून राह्यले. म्हनतेत, तुही याडी जेठाच्या पाठीले पाठ लावून बसली. हजार मानसायपुढं."

"माह्या ठेका चुकला होता," जमनी म्हणाली. "ते जाग्यावर आनाले आले."

"ठेका गेला चुलीत! बापू जाऊन दोन वर्सं नाही झाले."

"तुह्या बापूसाठीच वाजवत होतो."

"हे कोनाले सांगू मी? ढाब्यावर बोर्ड लावू?"

"अहो, हळू बोला," वर्षा म्हणाली. "ते आयकून राह्यले."

"आयकू दे. मले तांड्यात राहाचं आहे. तांड्याच्या नायकानं विचारलं मले. काय सांगू त्याले?"

रामधन वाईट मुलगा नाही. तो बापाला फार मानायचा, आणि ढाब्यावर त्याला काय काय ऐकावे लागले ते त्याने घरी सगळे सांगितलेही नाही. त्याने मला फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. जमनीने अडवले नाही. त्या दिवसापासून देवीलाल ओट्यावर बसेनासा झाला.

त्या होळीला तांड्यात डीजे वाजला. माळ्यावर मला त्याचे हादरे कळत होते. त्यात रिकामी जागा कुठेच नव्हती.

मग देवीलालने अंथरूण धरले. आर्णीच्या डॉक्टरने छातीचे दुखणे सांगितले. वर्षा ताट घेऊन जायची आणि बरेचसे तसेच परत आणायची. एका दुपारी वर्षा शेतात होती, रामधन ट्रकवर होता. जमनी ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती. पलीकडे देवीलालला त्याच्या ओट्यावर उन्हाला आणून बसवले होते. माळा ओट्याच्या वरच आहे, म्हणून मला ऐकू आले. तो भिंतीशी बोलत होता. वर्षा नव्हती, त्यामुळे 'म्हना' असे कुणाला म्हणायची सोय नव्हती.

"माह्या बापाले वाजवून नेलं," तो म्हणाला. "उकंडालेही पोचवलं, उशिरा का होईना. आता माह्या नंबर. कोनी वाजवन काय?"

जमनीने उत्तर दिले नाही. रीत ती होती. पण तिने बोटाच्या पेराने भिंतीवर एक ठोका दिला. एकच. तो ठाम होता.

मग तो म्हणाला, "आलं आयकू."

देवीलाल पोळ्यानंतर गेला. सकाळी गेला, दुपारी तिरडी बांधून झाली. पाणी द्यायला मुलगा नव्हता, म्हणून रामधन पुढे होता. अंगण भरले होते. नायक होता, ढाब्यावरचे दोघे जण होते. जमनी माळ्याच्या शिडीवर चढली. तिने फडके सोडले. मी काळवंडले होते. तिने पदराने मला पुसले, टिचकी मारली, ऐकले, आणि घुंगट ओढून बाहेर आली.

"बाई, आत जा," नायक म्हणाला.

रामधनने माझ्याकडे पाहिले. "याडी, नोको," तो म्हणाला. आवाज चढा नव्हता.

"तुह्या बापाले मुकं नेलं," जमनी म्हणाली. "तवा नगारा होता, थाळी नव्हती. आता थाळी आहे. यायलेही मुकं नेता काय?"

रामधन देवीलालच्या घरात गेला आणि नगारा घेऊन आला. त्याला तो वाजवता येत नव्हता. त्याने तो याडीच्या मागे, तिच्या पाठीपाशी ठेवला, आणि जाऊन तिरडीला खांदा दिला.

जमनीने ठेका धरला. नगाऱ्याच्या दोन मारांची जागा तिने रिकामी सोडली. मग माझा एक मार. मग पुन्हा रिकामी जागा. मित्रांनो, ती जितका वेळ वाजवत होती तितका वेळ निम्मा ठेका ऐकूच आला नाही. नायक बाजूला सरकला. तिरडी तिच्यापुढून नेताना रामधन थांबला. का, ते मला माहीत नाही. सगळेच थांबले.

जमनीने घुंगट वर केला. माझ्या माहितीत त्या माणसापुढे तिने तो पहिल्यांदाच वर केला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मधे कुणालाही न घालता त्याला विचारले, "आयकू आलं का?"

मग तिरडी पुढे गेली.

आता मी पुन्हा फळीवर आहे. नगारा माझ्या खाली आहे. पावसाळ्यात त्याचे कातडे सैल पडले, आणि तुराट्या घरात असूनही जाळ कुणी केलेला नाही. जमनी मला राखेने घासते. टिचकी मारते, मग क्षणभर थांबते, जणू पलीकडून काही येईल. मी वाजते आणि वाजून संपते.

काशाची भांडी जपावीत, ओली ठेवू नयेत, आपटू नयेत, तडा गेला की काशाचा आवाज परत येत नाही, हे तुम्हाला घरात कुणी ना कुणी सांगेलच. मी दुसरेच मागते आहे. तुमच्या घरात मान म्हणून ज्यांच्याशी फारसे बोलले जात नाही, अशी माणसे असतील. त्यांची पाठ अजून भिंतीला टेकलेली आहे तोवर एकदा भिंतीवर बोट वाजवा. उत्तर येते. मी ऐकले आहे.